चाकांवरच्या घराचे ओझे

मोटरहोममधून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाने सर्वांत आधी एक आकडा पाठ करावा: आपल्या गाडीचे वजन. उंची, लांबी, टाक्यांची क्षमता हे सगळे त्याच्या मागून येते. अमेरिकेत भाड्याने मिळणारे जे मोटरहोम सर्रास दिसते, त्याला पुढे व्हॅनचे तोंड असते, चालकाच्या डोक्यावर झोपायचा माळा असतो आणि मागे खिडक्यांची लांब खोली असते. त्याला तिथे ‘क्लास सी’ म्हणतात. बसएवढे असते ते ‘क्लास ए’, आणि उंच व्हॅनच्या पोटातच संसार बसवलेला असतो ते ‘क्लास बी’. क्लास सीची मोठी मॉडेल्स बहुधा फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर बांधलेली असतात. माणसे, पाणी, इंधन, सामान सगळे धरून या गाडीला परवानगी असलेले कमाल वजन आहे १४,५०० पौंड, म्हणजे साधारण ६,६०० किलो. आपली रोजची मोटार दीड टनाच्या आसपास असते. हे वाहन तिच्या चौपटीहून जड आहे, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. २६,००० पौंडांपर्यंत वेगळा परवाना मागत नाहीत. काल संध्याकाळपर्यंत छोटी गाडी चालवणाऱ्याच्या हातात थोड्याशा तोंडी माहितीनंतर किल्ली पडते. कायद्याने मोकळीक दिली तरी गाडीचे वजन काही त्यामुळे कमी होत नाही.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांत आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून आले की त्यांना यलोस्टोन किंवा युटामधली उद्याने मोटरहोममधून दाखवायचा बेत आता नवा राहिलेला नाही. बेत उत्तम आहे. वयस्कर माणसांना हव्या त्या क्षणी शौचालय, पाठ टेकायला पलंग आणि संध्याकाळी घरचा वरणभात मिळतो. मोटेल बदलत केलेल्या प्रवासात यातले एकही धड मिळत नाही. म्हणूनच हा प्रवास नीट समजून करावा असे मला मनापासून वाटते. त्यातल्या बहुतेक अडचणी एकाच मुळातून उगवतात: आपण घर घेऊन निघालो आहोत, आणि घराला ओझे असते.

आधी हे ओझे बनते कशाचे ते पाहू. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची असेल तर त्यात १५० लिटर पाणी मावते, म्हणजे सरळ १५० किलो. इंधनाची टाकी ५५ गॅलनची, म्हणजे दोनशे लिटरच्या वर. ते पेट्रोल आणखी दीडशे किलो. सहा माणसे चारशे किलो. मग बॅगा, खुर्च्या, तांदूळ-पिठाचे डबे, मुलांच्या सायकली. गाडीच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून किती वजन चालेल हे तिच्यावर छापलेले असते. ती पट्टी बहुतेक जण वाचतच नाहीत. हायवेवरच्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर वजनकाटा असतो. सामान भरल्यावर पहिल्याच दिवशी त्यावर गाडी चढवावी. पुढच्या आणि मागच्या आसावर किती भार आहे हे तिथे वेगवेगळे छापून मिळते. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस ओझ्याने दबलेला असू शकतो, कारण सामानाचे मोठे कप्पे बहुधा मागेच असतात. जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मधे, हलक्या वस्तू वरच्या कपाटांत, आणि पाण्याची टाकी काठोकाठ भरायची ती पुढच्या मुक्कामी पाणी नसेल तेव्हाच. मुक्कामी नळ असेल तर वाटेत हात धुण्यापुरते आणि शौचालयापुरते पाणी पुरते.

ओझ्याची खरी परीक्षा उतारावर होते. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० हा महामार्ग रॉकी पर्वत ओलांडताना आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, डेन्व्हर १,६०० मीटरवर. चढताना इंजिन दमते, कारण इतक्या उंचीवर हवा जवळपास तीस टक्के विरळ असते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकदही तेवढीच उतरते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उजवी मार्गिका धरावी, धोक्याचे दिवे लावावेत, ट्रकांच्या मागे ट्रकांच्याच वेगाने चढावे. खरी काळजी परतीच्या वाटेवर. साडेसहा टनांची गाडी बोगद्यापासून डेन्व्हरपर्यंत १,८०० मीटर खाली येते तेव्हा तिच्यातली सुमारे तीस युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते. थोडी हवेच्या आणि रस्त्याच्या विरोधात जाते. उरलेली एक तर इंजिन शोषते किंवा ब्रेक. ब्रेकवर ती सगळी सोपवली तर पॅड आणि डिस्क तापतात, ब्रेकचे तेल उकळू लागते, आणि पायाखालचा पेडल एकाएकी मऊ होऊन खोल जातो. त्या वेळी पुढे सात टक्क्यांचा उतार असेल तर करण्यासारखे फार थोडे उरते.

सह्याद्रीत गाडी शिकलेल्याला यावरचा उपाय नवा नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा एसटीच्या आणि ट्रकच्या चालकांचा जुना नियम रॉकीतही तसाच लागू पडतो. ऑटोमॅटिक गाडीत ‘टो-हॉल’ नावाचे बटण असते; ते दाबले की गिअरबॉक्स उतारावर आपणहून खालच्या गिअरमध्ये येतो. त्या वेळी इंजिन मोठ्याने ओरडते. नवखा माणूस त्या आवाजाला घाबरून बटण बंद करतो आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतो. तसे करू नये. इंजिनाला ओरडू द्यावे, ते त्याचे कामच आहे. वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे काही सेकंद दाबून ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला अवधी मिळतो. वेग ठरवायचा तो उतार लागण्याआधी, माथ्यावर. मधल्या वळणावर नाही. आय-७० च्या कडेला ठिकठिकाणी खडी भरलेल्या चढत्या वाटा केलेल्या आहेत, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी. तुमचेही ब्रेक गेले तर ती वाट तुमचीही आहे. गाडी त्या खडीत रुतून थांबते, ओढून काढायला पैसे पडतात, आणि माणसे वाचतात. गाडीत बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ही वाट कशी दिसते ते आधीच सांगून ठेवावे.

वेगाच्या बाबतीत एक साधा हिशोब पुरेसा आहे. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ९० ऐवजी ११० ने गेलात तर वेग वाढला एक-पंचमांशाच्या जरा वर, पण थांबवायची ऊर्जा झाली दीडपट. हवेचा विरोधही तसाच वाढतो, आणि मोटरहोमचे तोंड म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंत. म्हणून इंधन बेसुमार जाते. नीट चालवले तर लिटरला साडेतीन-चार किलोमीटर मिळतात, घाई केली तर त्याहून कमी. ताशी ९० ते १०० या टप्प्यात राहणे हे खिशासाठी आणि ब्रेकसाठी, दोन्हींसाठी बरे.

भिंतीला आडवा वाराही लागतो. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० चा टप्पा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे रस्ते खाते वारा वाढला की उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद करते. सामान कमी भरलेले मोटरहोम नेमके त्याच वर्गात मोडते. फलकावर बंदी दिसली की मुकाट्याने जवळच्या गावात थांबावे. बंदी नसली तरी, शेजारून ट्रक पुढे गेला की गाडी बाजूला ढकलली-ओढली जाते, हे लक्षात ठेवून दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत. आणि मुक्कामी उघडलेले कापडी छत रात्री झोपण्याआधी गुंडाळून ठेवावे. ते फाटले-मोडले की भाड्याच्या गाडीवरची ती महागडी दुरुस्ती ठरू शकते.

टायरबद्दल गैरसमज मोठा आहे. नक्षी शाबूत दिसली की टायर चांगला, असे आपण मोटारीच्या सवयीने धरतो. मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभेच असते, त्यामुळे त्याचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर दिसला तर गाडी घेण्याआधीच बदलून मागावा, नाहीतर दुसरी गाडी मागावी. मागे प्रत्येक बाजूला जोडटायर असतात. आतला टायर डोळ्याला दिसत नाही, आणि त्यातली हवा कमी झाली तर बाहेरचा टायर दुप्पट भार उचलत राहतो. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना.

आता अंतराचा प्रश्न. अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमवाल्यांच्या तोंडी तिनाचा एक नियम असतो: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त जायचे नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामाला पोचायचे आणि एका ठिकाणी ३ रात्री काढायच्या. ३०० मैल म्हणजे ४८० किलोमीटर. माझ्या मते सोबत मुले आणि आई-वडील असतील तर यातले अंतर सरळ ३०० किलोमीटर धरावे. नकाशावरचे ॲप ज्या प्रवासाला पाच तास सांगते त्याला मोटरहोममध्ये सात लागतात. वेग कमी असतो, पेट्रोल भरायला वेळ जातो, वळणावर मागे वाहनांची रांग लागली की बाजूला थांबून तिला वाट द्यावी लागते. दुपारी तीनची मर्यादा मात्र काटेकोर पाळावी. अंधारात अनोळखी झाडांमधून आठ-नऊ मीटर लांबीची गाडी मागे घेणे हे दिवसभर चालवून थकलेल्या माणसाचे काम नाही.

पश्चिमेकडे इंधनाचीही आखणी लागते. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर आणि सलायना या गावांमध्ये सुमारे १७० किलोमीटर ना पंप आहे, ना उपाहारगृह. निसर्गदृश्य असे की डोळे ठरत नाहीत, पण टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यायची, ही सवय तिथे उपयोगी पडते.

उंचीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती चूक क्षणात होते आणि गाडीचे छप्पर घेऊन जाते. छतावरच्या एसीसह मोटरहोमची उंची अकरा-बारा फूट भरते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम गावात रेल्वेचा एक पूल होता, खालची मोकळी उंची ११ फूट ८ इंच. इशाऱ्याचे फलक, लुकलुकणारे दिवे सगळे असूनही वर्षानुवर्षे भाड्याचे ट्रक आणि मोटरहोम त्यावर आदळून त्यांची छपरे सोलली गेली. २०१९ मध्ये पूल उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी अपघात पूर्ण थांबले नाहीत. फलक पाहिलाच नाही असे यातले सगळे चालक नसतील. आपली उंची किती हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. न्यू यॉर्कच्या आसपासचे ‘पार्कवे’ रस्ते असेच कमी उंचीच्या पुलांचे आहेत आणि मोटारींसाठीचे साधे ॲप बेलाशक त्यावर नेऊन सोडते. गाडी ताब्यात घेताच उंची, रुंदी, लांबी आणि वजन एका कागदावर ठळक लिहून चालकासमोर चिकटवावे. फूट आणि मीटर दोन्ही लिहावेत, कारण कॅनडात शिरताच फलक मीटरमध्ये बोलू लागतात.

उद्यानांतल्या रस्त्यांचे नियमही घर सोडण्याआधी वाचायचे असतात. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानाचा ‘गोइंग-टु-द-सन’ रस्ता जगातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक. त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांहून लांब, ८ फुटांहून रुंद किंवा १० फुटांहून उंच वाहन नेता येत नाही. आरसे आणि बंपर धरून. युटाच्या झायन उद्यानातला १९३० सालचा बोगदा मोटरहोमच्या आजच्या आकाराचा विचार न करता खोदला गेला. मोठी गाडी आली की समोरची वाहतूक थांबवून तिला मधोमध सोडावे लागे, आणि आता तर अशा गाड्यांना बोगदा बंदच करण्याचा निर्णय झाला आहे. न्यू जर्सीहून वॉशिंग्टनकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत स्वयंपाकाच्या गॅसची मोठी टाकी असलेले वाहन चालत नाही. पूर्वी अशी वाहने फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाज धडकून तो पूल कोसळला. तेव्हापासून मोटरहोमने आय-६९५ धरून शहराला पश्चिमेकडून वळसा घालायचा.

इथवर वाटेतले झाले. मुक्कामावरचे शिक्षण टाक्यांपासून सुरू होते. मोटरहोममध्ये तीन टाक्या असतात: ताज्या पाण्याची, न्हाणी-स्वयंपाकाच्या सांडपाण्याची आणि शौचालयाची. तिथले लोक शेवटच्या दोन टाक्यांना करडी आणि काळी म्हणतात. पूर्ण नळजोडणी असलेल्या जागी गाडी उभी केली की पुष्कळ जण काळ्या टाकीची झडप उघडीच ठेवतात, आपोआप वाहून जाईल म्हणून. पाणी वाहून जाते, घट्ट मैला मागे राहतो, सुकतो, साचतो, आणि काही दिवसांत टाकी तुंबते. झडप बंद ठेवायची, टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची आणि मगच सोडायची, म्हणजे पाण्याच्या लोटाबरोबर सगळे निघून जाते. आधी काळी, मग करडी, हा क्रम कधी मोडायचा नाही. साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नळी तीन इंची असते, तिचे टोक खड्ड्यात नीट अडकले आहे हे पाहिल्याशिवाय झडपेला हात लावू नये. हातमोजे घालावेत. सांडपाणी सोडण्याच्या जागी दोन नळ असतात, एक नळी धुण्याचा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. कोणता कोणासाठी ते फलकावर लिहिलेले असते. पिण्याच्या पाण्याची स्वतःची वेगळी नळी असावी आणि ती वेगळ्या कप्प्यात ठेवावी. घरातल्या सगळ्यांच्या पोटाची तब्येत या एका शिस्तीवर टिकते. टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यांवर मात्र फार विसंबू नये. आत कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. किती दिवस झाले, किती माणसे आहेत, हा हिशोबच अधिक खरा.

पाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांकडे एक मोठी शिदोरी आहे आणि ती अभिमानाने वापरावी. फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिले तर ७०-७५ लिटर पाणी जाते, म्हणजे अर्धी टाकी एका माणसाच्या आंघोळीत. पाणी तापवायचा बंबही लहान, बहुधा सहा गॅलनचा. बादली आणि तांब्या घेऊन गेलात तर पंधरा लिटरमध्ये स्वच्छ आंघोळ होते. दुष्काळी भागात वाढलेल्या आजीला हे शिकवावे लागत नाही. तिनेच नातवंडांना शिकवावे.

स्वयंपाकाचेही तसेच. यलोस्टोनचे मोठे तळे २,३५० मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो. प्रेशर कुकर न्यावाच. एका कुकरात भात, वरण आणि बटाटे लावले की भांडी कमी, पाणी कमी, गॅस कमी. फोडणी मात्र बाहेर, उद्यानाने परवानगी दिलेल्या जागी, लहान शेगडीवर करावी, कारण आत धूर झाला की धुराचा गजर वाजतो आणि लोक वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवतात. हे अत्यंत घातक. त्याच भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा गजर असतो. जनरेटरचा धूर खिडकीतून आत आला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. गजरांना हात लावायचा नाही आणि जनरेटर चालू ठेवून झोपायचे नाही, या दोन गोष्टींवर घरात चर्चा नको. तेल-तूप सिंकमध्ये ओतू नये. ते करड्या टाकीत थिजून नळी बुजवते. कागदाने ताटल्या पुसून मगच धुवाव्यात. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर कापडी तंबूला मुळी परवानगीच नाही, भक्कम भिंतींचीच गाडी लागते, कारण तो ग्रिझली अस्वलांचा वावर असलेला भाग आहे. तिथे बाहेर काहीही शिजवून झाल्यावर खरकटे, भांडी, तेलाची बाटली सगळे आत घ्यायचे असते.

विजेबद्दल थोडक्यात. मुक्कामावरची साधी जोडणी १२० व्होल्ट आणि ३० अँपियरची, म्हणजे एका वेळी ३,६०० वॅट. एसी दीड हजार, मायक्रोवेव्ह दीड हजार, त्यात कोणी चहासाठी विजेची किटली लावली की खटका पडतो. कोणते उपकरण कोणाबरोबर चालते हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. जोडणी नसलेल्या जागी दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर चालतात, एसी नाही. बॅटरी जुन्या लेड-ॲसिड पद्धतीची असेल तर निम्म्यापर्यंतच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. गाडी उभी करताना सपाट जागा शोधायची ती केवळ झोपेसाठी नाही. अनेक मोटरहोममधले फ्रिज गॅसवर चालतात, त्यात अमोनियाचे द्रावण स्वतःच्या वजनाने फिरत असते, आणि गाडी तासन् तास कलती राहिली तर तो फ्रिज कायमचा बिघडू शकतो.

माणसांचे दोन नियम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. चालत्या गाडीत कोणी उठायचे नाही, फ्रिजमधून पाणी काढायलाही नाही. साडेसहा टनांच्या गाडीत अचानक ब्रेक लागला की उभा माणूस थेट पुढच्या काचेकडे जातो. मुलांना ते चालते घर खेळायची जागा वाटते, म्हणून पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही हे पहिल्या मैलापासून ठाम असावे. आणि निघण्याची यादी तोंडपाठ असली तरी कागदावर असावी. एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने हात लावून तपासायची: पायरी आत, विजेची तार आणि पाण्याची नळी काढलेली, गॅसची झडप बंद, कपाटे व फ्रिजची कडी लागलेली, छतावरची खिडकी मिटलेली, कापडी छत गुंडाळलेले. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी. गाडी मागे घेताना एक जण खाली उतरलाच पाहिजे. आपल्याकडचा क्लीनर गाडीच्या बाजूला थाप मारत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो, तसेच काम, पण चालकाच्या आरशात दिसेल अशा जागी उभे राहून. तुम्हाला आरसा दिसत नसेल तर चालकाला तुम्ही दिसत नाही. आणि वळताना मागचे टोक उलट्या बाजूला झाडते, हे पेट्रोल पंपाच्या खांबांनी अनेकांना शिकवले आहे.

अमेरिकेत हे सगळे शक्य होते त्यामागे वाहनांपेक्षा व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातल्या सरकारी जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो, पण मैला आणि सांडपाणी तिथे टाकायचे नाही. ते सोडायला तळांवर आणि कित्येक ट्रक-थांब्यांवर सोय असते. आपल्याकडे अशा गाड्यांना कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आपले जाहीर केले. गाड्या येतील, भाड्याने मिळतील, कोकणच्या किनाऱ्यावर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी उभ्या राहतील. पण त्यांच्या टाक्या रिकाम्या करायला शुद्धीकरण केंद्राला जोडलेली पक्की जागा नसेल, तर तो मैला ओढ्यात आणि खाडीतच जाणार. घाटातले उतार, गावातल्या कमानींची उंची, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांची माहितीही अजून चालकाच्या अंदाजावरच सोडलेली आहे. म्हणून कॅरव्हॅन भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला एक विनंती आहे. भाडे आणि पलंगांची संख्या नंतर विचारा. आधी विचारा, गाडीचे भरलेले वजन किती, उंची किती आणि काळी टाकी कुठे रिकामी करायची. या तीन प्रश्नांचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही तर ती गाडी घेऊ नका.